घटस्फोटाची तारीख कुठे बघायची?

माझा घटस्फोट कॅलिफोर्नियात, सांता क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) कोर्टात झाला. नातेवाइकांत आता हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यामुळे मला एका ठरावीक प्रकारचे फोन येतात. कुणाच्या तरी मुलीला स्थळ आलेलं असतं. मुलगा इकडे बे एरियात नोकरीला, पहिलं लग्न मोडलेलं. मग पुण्याहून मावशीचा नाहीतर नाशिकहून काकूंचा फोन: "अगं, कागद झालेत म्हणतात. तू तिथेच आहेस, जरा बघून सांगतेस का?"

बघून सांगते. हे विचारण्यात संकोचण्यासारखं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. पत्रिका बघतो, पगार विचारतो, मग आधीचं लग्न कायद्याने संपलंय की नाही हे बघायला कसली लाज? पण आधी हे समजून घ्यायला हवं की नेमकं काय झालंय. अर्ज दाखल झालाय? तो समोरच्याला पोचलाय? वाटणीच्या करारावर सह्या झाल्यात? की निकाल लागलाय? लोक या चारही टप्प्यांवर "झालंच आता" म्हणतात. लग्न संपतं ते फक्त शेवटच्या टप्प्यावर, आणि तेही निकालावर जी तारीख लिहिलेली असते त्या तारखेला.

अमेरिकेत घटस्फोटाची नोंद देशभराची एका ठिकाणी नसते. ज्या काउंटीच्या कोर्टात निकाल लागला, फाइल त्या कोर्टात. सनीव्हेल, कूपर्टिनो, सॅन होजे हे सांता क्लारा काउंटीत येतं. फ्रीमॉन्ट मात्र अलामेडा काउंटीत आणि सॅन रमोन कॉन्ट्रा कोस्टात. आपल्याला हे सगळं एकच बे एरिया वाटतं, कोर्टाला वाटत नाही. म्हणून मी पहिला प्रश्न विचारते तो हा, की अर्ज केला तेव्हा दोघं कुठे राहत होते? कॅलिफोर्नियात घटस्फोट मागायचा तर दोघांपैकी एकाचं तरी राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने वास्तव्य लागतं. तेवढं कळलं की कुठल्या कोर्टात शोधायचं ते कळतं.

राज्याच्या आरोग्य खात्याकडे विचारलं तर? कॅलिफोर्नियाच्या खात्याकडे १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळाची नोंद आहे, आणि त्यांचा दाखला मिळाला तरी त्यात दोघांची नावं, काउंटी, केस नंबर अशी जुजबी माहिती असते, निकाल नसतो. टेक्सासचं आरोग्य खातं १९६८ पासूनच्या घटस्फोटांबद्दल पडताळणीचं पत्र देतं, पण निकालाची प्रमाणित प्रत हवी असेल तर तिथेही त्या काउंटीच्या डिस्ट्रिक्ट क्लर्ककडेच जावं लागतं. आणि न्यू यॉर्कचं तर वेगळंच आहे. तिथे घटस्फोटाची फाइल फक्त पतीपत्नी आणि त्यांचे वकील यांनाच बघता येते. स्थळ न्यू यॉर्कचं असेल तर मी सरळ सांगते, मुलालाच प्रत मागा, दुसरा मार्ग नाही.

सांता क्लारा काउंटीच्या कोर्टाच्या वेबसाइटवर नावाने शोधता येतं. इथे आपली नावं फार त्रास देतात. पासपोर्टवर पहिल्या रकान्यात बाईचं स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव जोडून, दुसऱ्यात आडनाव. कोर्टातल्या कारकुनाने ते जसं दिसलं तसं टाकलेलं असतं. कुणाचं वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जातं, कुणाचं माहेरचं आडनाव लागतं. त्यामुळे एका नावाने काही सापडलं नाही म्हणून केस नाही असं समजू नका. दोघांच्याही नावाने, उलटसुलट करून, स्पेलिंग बदलून शोधा.

केस सापडली की तिथे कामकाजाची यादी दिसते, कुठल्या तारखेला काय दाखल झालं ती. कौटुंबिक खटल्यातले प्रत्यक्ष कागद मात्र घरबसल्या दिसत नाहीत, तसा कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांचा नियमच आहे. ते बघायचे तर कोर्टात जावं लागतं. पण यादीवरूनही बरंच कळतं. आधी पेटिशन, म्हणजे अर्ज, असतं. मग समन्स पोचल्याचा पुरावा. मग समोरच्याने दिलेला जबाब, किंवा जबाब आलाच नाही म्हणून डिफॉल्टची, म्हणजे जबाबाशिवाय निकाल देण्याची, विनंती. आणि शेवटी जजमेंट आणि ते नोंदवल्याची नोटिस. ही शेवटची ओळ यादीत नसेल तर तो माणूस अजून विवाहित आहे.

मावशीने सांगितलेल्या एका स्थळाचं असंच निघालं. केस होती, नंबर खरा होता, समन्स पोचल्याची नोंद होती. त्यापुढे काही नाही. मुलगा फसवत नव्हता, हे मी मावशीला आवर्जून सांगितलं. त्याचा प्रामाणिक समज होता की सहा महिने उलटले म्हणजे घटस्फोट आपोआप होतो. हा समज इथल्या आपल्या लोकांत इतका पक्का आहे की मला त्याची काळजी वाटते. सहा महिन्यांची अट खरी आहे. समन्स पोचल्यापासून किंवा समोरचा कोर्टात हजर झाल्यापासून, जे आधी होईल तिथून सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय लग्न संपू शकत नाही. पण सहा महिने संपले म्हणून कोर्ट स्वतःहून काही करत नाही. निकालाचे कागद आपण भरून द्यायचे असतात. दिले नाहीत तर केस तशीच पडून राहते आणि लग्न चालूच राहतं, मग दोघं एकमेकांचं तोंडही बघत नसले तरी.

माझा अर्ज मी स्वतः भरला. वकील लावला नाही, कारण मूल नव्हतं, घर भाड्याचं होतं आणि आम्हा दोघांनाही ते संपवायचं होतं. लग्न का मोडलं हे मी इथे लिहिणार नाही. कोर्टानेही विचारलं नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९७० पासून दोष सिद्ध करायची गरजच नाही, आणि असा कायदा करणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. अर्जावर एक चौकोन असतो, जुळणं शक्य नाही अशा अर्थाचा, त्यावर खूण करायची. माझ्या आईला हे ऐकून बरं वाटलं नव्हतं. "इतकं सोपं?" ती म्हणाली. मला मात्र त्या चौकोनाने फार मोठा दिलासा दिला. ज्या माणसाशी मी काही वर्षं संसार केला त्याच्यावर क्रूरतेचे आरोप लिहून काढायची वेळ आली नाही, आणि त्यानेही माझ्यावर काही लिहिलं नाही. एवढ्यासाठी मी या कायद्याची कायम ऋणी राहीन.

सॅन होजेत नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवर, सेंट जेम्स पार्कजवळ, कौटुंबिक न्यायालयाची इमारत आहे. २०१६ मध्ये सुरू झालेली. तिथे सेल्फ-हेल्प सेंटर आहे आणि ते फुकट आहे. तिथली माणसं तुम्ही काय मागावं हे सांगत नाहीत, ते वकिलाचं काम. पण कुठला फॉर्म लागतो, कुठली जागा रिकामी राहिली, कुठे सही हवी, हे बसून दाखवतात. इंग्रजी नीट येत नसेल तरी जा. माझ्या आजूबाजूला व्हिएतनामी, स्पॅनिश, पंजाबी बोलणाऱ्या बायका बसलेल्या असायच्या, आणि कुणालाही कुणी घाई केली नाही.

अर्जाचा फॉर्म एफएल-१००, समन्सचा एफएल-११०. अठराच्या आतलं मूल असेल तर एफएल-१०५ सुद्धा. फी ४३५ डॉलर, काही काउंट्यांत थोडी जास्त. ती परवडत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो, त्याचा फॉर्म एफडब्ल्यू-००१. जिच्या हातात स्वतःचा पैसा नाही अशी एकही बाई फीपायी थांबायला नको, म्हणून हे मुद्दाम सांगते.

समन्सची मागची बाजू वाचा. कुणी वाचत नाही. तिथे कोर्टाचे मनाई हुकूम छापलेले असतात आणि ते दोघांनाही लागू होतात. मुलांना दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय राज्याबाहेर नेता येत नाही, त्यांचा नवा पासपोर्ट काढता येत नाही. विम्यातून नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव काढता येत नाही, मालमत्ता विकता येत नाही. सुट्टीत मुलांना आजोळी न्यायचं तिकीट आधीच काढून ठेवलेलं असलं तरी तो हुकूम लागू आहे. संमती लेखी घ्या.

समन्स आपण स्वतः नेऊन द्यायचं नसतं. अठरा वर्षांवरच्या, या केसमध्ये पक्षकार नसलेल्या माणसाने द्यायचं आणि दिल्याचा फॉर्म सही करून भरायचा. माझं काम एका मैत्रिणीने केलं. नवरा किंवा बायको भारतात असेल तर प्रकरण लांबतं. परदेशी समन्स बजावण्याचा जो हेग करार आहे, त्यात भारत सामील आहे, पण पोस्टाने पाठवलेलं समन्स भारताला मान्य नाही. ते दिल्लीत कायदा मंत्रालयामार्फत जावं लागतं आणि त्यात महिनोन् महिने जातात. समोरचा राजी असेल आणि त्याने स्वतःहून कोर्टात जबाब दाखल केला तर ही सगळी अडचण टळते.

मग येते मालमत्तेची यादी, एफएल-१४२. या फॉर्मपाशी मी सगळ्यात जास्त वेळ बसले. दागिने, जुन्या दुर्मीळ वस्तू, चित्रं, नाण्यांचे संग्रह हे सगळं त्यात एकाच ओळीत येतं. पुढे रकाने: वस्तू कुणाची स्वतंत्र आहे का, कधी मिळाली, आजची बाजारातली किंमत किती, तिच्यावर कर्ज आहे का. आईने लग्नात घातलेल्या पाटल्या, आजीची मोहनमाळ, सासूबाईंनी दिलेला तन्मणी, आणि मंगळसूत्र. पहिल्या दोन्हींपुढे मी माझी स्वतंत्र मालमत्ता अशी खूण केली, कारण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात लग्नाआधीचं आणि एकट्याला भेट मिळालेलं ज्याचं त्याचं राहतं. लग्नानंतर दोघांनी कमावलेलं अर्धं-अर्धं. तन्मण्यापुढे लिहायच्या आधी मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "आईने तुला दिलाय, तुझाच." तसं लिहिलं. मंगळसूत्राच्या किमतीच्या रकान्यात सोन्याच्या वजनावरून आकडा घातला. सेल्फ-हेल्पमधल्या बाईंनी विचारलं, हे काय असतं? मी म्हटलं, लग्नाचं. त्यांनी मान हलवली आणि माझ्यापुढे टिश्यूचा डबा सरकवला.

भारतातलं सगळंही या यादीत यायला हवं. पुण्यातला दोघांच्या नावावरचा फ्लॅट, पीपीएफ, मुदत ठेवी. "ते तिकडचं आहे, इथल्या कोर्टाला काय करायचंय" असं पुष्कळ जण म्हणतात. यादी शपथेवर असते. लपवलेलं नंतर उघड झालं तर त्याची किंमत लपवणाऱ्याने मोजायची. ही यादी कोर्टात दाखल होत नाही, एकमेकांना द्यायची असते. कोर्टाला फक्त ती दिल्याचं एफएल-१४१ वर कळवायचं. आपलं सोनंनाणं जगाला दिसेल अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावं.

शेवटी एफएल-१८० म्हणजे निकाल, आणि एफएल-१९० म्हणजे निकाल नोंदवल्याची नोटिस. ही नोटिस कोर्ट पोस्टाने पाठवतं, त्यासाठी तिकीट लावलेली दोन पाकिटं आपणच द्यायची, एक स्वतःच्या पत्त्याचं, एक समोरच्याच्या. त्या नोटिशीवर एक चौकट असते. चौकटीत वैवाहिक संबंध संपल्याची तारीख, आणि खाली स्पष्ट इशारा की या तारखेपर्यंत दोघांपैकी कुणीही पुन्हा लग्न करू शकत नाही. निकाल नोंदवल्याची तारीख वेगळी, ही वेगळी. कधी कधी निकाल आधी नोंदवला जातो आणि ही तारीख पुढची असते, कारण सहा महिने पूर्ण व्हायचे असतात. मावशीला, काकूंना, सगळ्यांना मी हेच सांगते की मुलाकडून या एका पानाची प्रत मागा आणि चौकटीतली तारीख वाचा.

एच-४ व्हिसावरच्या बायकांसाठी ही तारीख आणखी महत्त्वाची आहे. नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेला तुमचा दर्जा लग्नाबरोबर संपतो. म्हणून निकालाच्या कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा, नंतर नाही. घरात मारहाण, धमक्या असतील तर आधी "मैत्री" या संस्थेला फोन करा. १९९१ पासून ती बे एरियात दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते आहे.

नावाचं एक सांगायचं राहिलं. अर्जात आणि निकालात आधीचं नाव परत घेण्याची सोय असते. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, म्हणून नुसतं माहेरचं आडनाव लिहून भागत नाही. लग्नाआधीच्या पासपोर्टवर जसं होतं तसं, वडिलांच्या नावासकट, अक्षर न् अक्षर लिहा. पुढे बँक, पॅन, पासपोर्ट सगळीकडे तोच कागद दाखवायचा असतो.

आता भारतातल्या लोकांना याचा किती उपयोग? हिंदू पद्धतीने भारतात लग्न झालेल्या जोडप्याचा परदेशी घटस्फोट भारतात कधी मानायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या खटल्यात सांगितलं आहे. थोडक्यात, ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यात बसणारं कारण हवं आणि समोरचा तिथलाच रहिवासी हवा किंवा त्याने स्वतः खटल्यात भाग घेतलेला हवा; नाहीतर दोघांनी स्वखुशीने त्या कोर्टाचा अधिकार मानून संमती दिलेली हवी. माझ्या केसमध्ये दोघांनीही करारावर सह्या केल्या होत्या. पण नवऱ्याने इथे एकट्याने अर्ज केला, बायको भारतात, तिने जबाबच दिला नाही आणि निकाल एकतर्फी लागला, तर कॅलिफोर्नियात तो माणूस मोकळा असेल, भारतात ते लग्न तसंच उभं असू शकतं. त्याने पुण्यात येऊन दुसरं लग्न केलं तर दुसरी बायको कायद्याच्या नजरेत बायको ठरेलच असं नाही. म्हणून कामकाजाची यादी बघताना मी जबाबाची ओळ शोधते. जबाबाऐवजी डिफॉल्ट दिसलं तर पुढचं सगळं बारकाईने बघावं लागतं, कारण करारावर दोघांच्या सह्या असूनही डिफॉल्टने निकाल होऊ शकतो. माझी तरी पद्धत अशी, की समोरच्या बाईची सही दिसेपर्यंत स्थळाला होकार कळवू नका म्हणते, आणि पुण्यात कौटुंबिक प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला कागद दाखवायला सांगते.

प्रमाणित प्रत कोर्टाच्या क्लर्ककडून मिळते, खिडकीवर किंवा पोस्टाने. केस नंबर हाताशी असेल तर काम लवकर होतं. मी मागितली तेव्हा घटस्फोटाच्या निकालाच्या प्रतीला १५ डॉलर पडले. भारतात नोंदणी पद्धतीने पुन्हा लग्न करायचं तर विवाह अधिकारी ही प्रत मागतात आणि साधी झेरॉक्स चालत नाही. त्यावर सॅक्रामेंटोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीतून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणूनचं सरकारी प्रमाणपत्र, करून घ्यावं लागतं, त्याची फी २० डॉलर. प्रती दोन घ्या. अपोस्टिल केलेली भारतात जाते आणि तिकडच्या फाइलला लागली की परत मिळत नाही. दुसरी आपल्याकडे राहू द्या.